कासवाचा कागद

माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात तिकीट काढून मासे बघितले नव्हते. सत्तरीला टेकलेला माणूस, त्यातली पन्नासेक वर्षं समुद्रात काढलेली, आणि त्याला मी रत्नागिरीजवळच्या त्या भल्यामोठ्या मत्स्यालयाच्या रांगेत उभं केलं होतं. पुढे घाटावरून आलेली एक सहल, मागे एका शाळेची. मध्ये आमचे बाबा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी आणि हातात कापडी पिशवी. पिशवीत एक नारळ होता, हळदकुंकवाची पुडी होती आणि घडी घातलेलं एक गोणपाट होतं. गोणपाट कशाला, असं मी निघताना विचारलं, तर म्हणाले, "वाटंत वली ठेवाया लागंल ना तिला."

ती म्हणजे एक कासवीण. तिला न्यायला आम्ही आलो होतो. निदान बाबा तरी त्याचसाठी आले होते.

दारावरच्या रखवालदाराने पिशवी उघडली आणि नारळ बाहेर काढला. "खाण्याच्या वस्तू आत चालत नाहीत."

"ह्यो खायाचा न्हाय. देवाचा हाय," बाबा म्हणाले.

"देवाचा असला तरी नारळच ना, काका."

नारळ त्याच्या टेबलावर गेला, वेफर्सच्या पुड्या आणि कुणाचा तरी पोळीभाजीचा डबा यांच्या शेजारी. गोणपाट त्याने उलगडून दोन्हीकडून बघितलं, वास घेतला आणि परत दिलं. गोणपाटाबद्दल त्याच्याकडे नियम नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण बाबांनी माझ्या हाताला हात लावला आणि आम्ही आत गेलो.

हे समजायला थोडं मागचं सांगायला हवं.

आमचं गाव नाट्याच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी. बाबांची होडी लहान, दोन माणसांची. आमच्याकडे जाळ्यात कासव आलं तर जाळं बघायचं नाही, कासव बघायचं. नवंकोरं जाळं असलं तरी त्याला सुरी लावायची. कासव होडीत घ्यायचं, पाठीवर हळदकुंकू वाहायचं, नारळ असला तर फोडायचा, नसला तर नुसते हात जोडायचे आणि त्याला पुन्हा पाण्यात सोडायचं. बाबांच्या होडीत काडेपेटीबरोबर हळदकुंकवाची पुडी कायम एका प्लास्टिकच्या डबीत असायची. ही काही मोठी पूजाबिजा नव्हे. रस्त्यात कुणाला धक्का लागला तर आपण थांबून 'चुकलं हां' म्हणतो, त्यातलाच तो प्रकार.

त्या वर्षी गणपती होऊन आठवडा झाला असेल. बाबांच्या जाळ्यात ही कासवीण आली. साधी नव्हे, पक्ष्यासारखी चोच असलेली, पाठीवर पिवळे-तपकिरी पट्टे. असलं कासव आपल्याकडे क्वचित दिसतं. बाबांनीही आयुष्यात दोनदाच बघितलं होतं. दुसऱ्याच कुणाचं तरी तुटून वाहत आलेलं नायलॉनचं जाळं तिच्या डाव्या पुढच्या वल्ह्याला, म्हणजे पोहायच्या पायाला, आवळून बसलं होतं, पार हाडापर्यंत. बाबांनी ते कापलं, कुंकू लावलं, हात जोडले आणि तिला सोडलं. ती बुडेना. तरंगत राहिली आणि एकाच बाजूला गोल फिरायला लागली. बाबांनी तिला तीन वेळा सोडली आणि तीन वेळा परत होडीत घेतली. शेवटी ओल्या गोणपाटात गुंडाळून घरी आणली आणि मला फोन केला.

मी रत्नागिरीतल्या एका हायस्कुलात मराठी शिकवते. गावातल्या कुणाकडे कसलाही कागद आला की तो माझ्याकडे येतो. सातबारा, बँकेची नोटीस, पोराच्या नोकरीचं पत्र, सगळं मी वाचून, समजावून देते. त्यामुळे कासवाचं काय करायचं हेही मलाच विचारायचं, हे ओघानेच आलं. आणि मी शहाणी लगेच म्हणाले, बाबा, काळजी करू नका, इथे नवीन मत्स्यालय झालंय, त्यांच्याकडे जखमी प्राण्यांच्या उपचारांची सोय आहे. पेपरात वाचलं होतं मी.

दुपारी त्यांची गाडी आली. तीन माणसं, निळे टीशर्ट, एक कॅमेरेवाला. मीही स्कूटर काढून गावात पोचले. आळीतली सगळी पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, जमली होती. गाडीत चढवण्याआधी बाबा म्हणाले, थांबा, आणि कासविणीच्या पुढ्यात नारळ ठेवून समुद्राकडे तोंड करून त्यांनी गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे महत्त्वाची कुठलीही गोष्ट अशी देवाच्या कानावर घालतात. एकाने मोठ्याने सांगायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला होकार भरायचा. होकार भरणारं कुणी नसेल तर गाऱ्हाणं पुरं होत नाही, असं मानतात.

"बा देवा म्हाराजा," बाबा म्हणाले, "ही तुजी लेक आमच्या दारात आली हाय. तिला बरी कराया आमी धाडतोय."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"बरी झाली की मी माज्या हातानं तिला हितंच आनून सोडीन. ती पान्यात गेल्याबिगर मी होडीत पाय ठेवनार न्हाय."

"व्हय म्हाराजा!"

होकार भरताना माझ्या आईचा चेहरा मला अजून आठवतो. तिने म्हटलं 'व्हय म्हाराजा', पण नजर अशी होती की या माणसाने आता हे काय बोलून ठेवलंन. हंगामाला नुकतं तोंड लागलं होतं. पण आम्हा सगळ्यांना वाटलं, महिना-दीड महिन्याचा तर प्रश्न.

मग निळ्या टीशर्टवाल्याने कागद पुढे केला. छापील फॉर्म. मी तो स्कूटरच्या सीटवर ठेवून भरला. नाव, गाव, प्राणी कुठे सापडला, जखम कुठे. माझं अक्षर चांगलं आहे, त्याचा मला जरा तोराही आहे. कॅमेरेवाला घाई करत होता, ऊन उतरतंय म्हणत होता. मी बाबांना म्हटलं, "करा इथे सही, नेहमीचाच कागद आहे." बाबांनी सही केली. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाची सही, एकेक अक्षर जपून काढलेली. मग फोटो निघाला. बाबा, कासवीण आणि मी. दुसऱ्या दिवशी पेपरात आला, खाली ओळ होती की शिक्षिकेच्या पुढाकाराने दुर्मिळ कासवाला जीवदान. ते कात्रण मी स्टाफरूमच्या फळ्यावर लावलं. दोन आठवडे होतं तिथे.

पुढचं काय सांगू? दर महिन्याला फोन. "उपचार चालू आहेत, मॅडम." दिवाळीत फोन. "उपचार चालू आहेत." शिमग्यात फोन. "चालू आहेत." बाबांची होडी किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली पडून. जोडीदार दुसऱ्याच्या होडीवर गेला. बाबा दिवसभर लोकांची जाळी शिवून द्यायचे. आई दुसऱ्यांकडून मासे घेऊन बाजारात बसायची आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणायची, "बायकोसाठी कुनी घरात बसला न्हाय कवा, ह्यो कासवासाठी बसलाय." बाबा हसायचे. एक नारळी पौर्णिमा गेली. सगळ्यांनी समुद्राला नारळ दिले, होड्या लोटल्या, बाबा पुळणीवर उभे राहून बघत होते. मी त्यांना सांगून बघितलं की देव काही एवढं धरून बसत नाही, एखादा मासे मारायला गेला तर काय होतं. ते म्हणाले, "देव धरून बसत न्हाय गो बाय. मी बसतो." सत्तरीच्या माणसाकडे असे किती हंगाम उरलेले असतात, हे मला कळत होतं. त्यांनाही कळत होतं.

आणि मग दुसरी नारळी पौर्णिमा तोंडावर आली असताना बाबांनी राजापूरच्या एसटी स्टँडसमोर तो फलक बघितला. घराएवढा. 'दुर्मिळ समुद्री जीवांचं अद्भुत विश्व.' आणि मध्यभागी आमची कासवीण. बाबांनी तिला डाव्या वल्ह्यावरच्या वळावरून ओळखलं आणि पाठीच्या कडेला असलेल्या खाचेवरून. रत्नागिरीची पुढची गाडी धरून ते थेट माझ्या घरी आले. रागावलेले नव्हते, आनंदात होते! "बरी झाली गो ती! दोनी वल्ही पसरून पवते हाय. चल, आनूया."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी दुसऱ्या दिवशीची रजा टाकली.

तर आम्ही आत गेलो. आत निळा अंधार, थंडगार हवा आणि भिंतीतून येणारं कसलंसं गुळगुळीत संगीत. एका काचेत समुद्रघोडे होते, शेपटीने प्लास्टिकच्या शेवाळाला धरून बसलेले. काचेवर पाटी होती, 'टकटक करू नये', आणि त्या पाटीवरच टकटक करणारे बाप मी मोजायचे सोडून दिले. पुढे काचेचा बोगदा, डोक्यावरून पाकट आणि मुशी जातात. ध्वनिक्षेपकातून बाई सांगत होती की आपण आता कोकणच्या समुद्राच्या तळाशी आहोत. बाबा मान वर करून बघत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "तळाला येवडा उजेड?"

त्यापुढे 'आमचे दर्यावर्दी' म्हणून एक दालन. त्यात फायबरचा कोळी उभा. लाल टोपी, मिशा, हसरा चेहरा, हातात जाळं. जाळं उलटं! शिशाची वजनं वरच्या बाजूला आणि तरंगणारे गोळे खाली. असं जाळं पाण्यात टाकलं तर त्याचं गाठोडं होऊन बसेल. हे बनवणाऱ्याला एकदा किनाऱ्यावर येऊन बघावंसं वाटलं नाही? वीस मिनिटांवर किनारा आहे! बाबा जवळ जाऊन ते जाळं बघत होते, तेवढ्यात एक जोडपं आलं आणि बाई म्हणाली, "आजोबा, जरा बाजूला होता का? कोळ्याबरोबर फोटो काढायचाय."

बाबा बाजूला झाले. मला भयंकर संताप आला. आजही येतो. त्या बाईची काही चूक नव्हती, हे मला माहीत आहे, म्हणून तर जास्त येतो.

कासविणीची टाकी शेवटच्या दालनात. गोल, उंच, खालून दिवे सोडलेले. बाहेर जमिनीवर दोन पावलं रंगवलेली, फोटो काढताना कुठे उभं राहायचं ते दाखवायला. वर चकाकत्या अक्षरांत 'भेटा आमच्या राणीला'. आणि अगदी खालच्या कोपऱ्यात, वाकल्याशिवाय दिसणार नाही अशी, पोस्टकार्डाएवढी पाटी. 'सदर प्राणी उपचाराधीन आहे.'

दोन वर्षं उपचाराधीन! तिकीट लावून, दिवे लावून, दिवसातून दोनदा माकूल खायला घालण्याचा खेळ करून उपचार! माझ्या शाळेतल्या एखाद्या पोराने आजारी असल्याचा अर्ज देऊन असं गॅदरिंगमध्ये नाचून दाखवलं असतं, तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

बाबा काचेपाशी गेले. ती पोहत होती. दोन्ही वल्ही सारखी चालत होती, बुडी मारत होती, वर येत होती. चार वल्ही मारली की काच. वळायची. चार वल्ही मारली की काच. एका जागी मात्र ती वळत नव्हती. तिथे ती नाक काचेला लावून वल्ही मारतच राहायची. तेवढ्या जागेवर काच धुरकट झाली होती आणि तिच्या चोचीचं टोक पांढरं पडलं होतं. बाबांनी आजूबाजूला बघितलं, आम्ही कुठल्या दारातून आलो, किती वळलो, याचा मनाशी हिशेब केला आणि म्हणाले, "त्या अंगाला दर्या हाय."

मी शिकलेली बाई. मी म्हणणार होते की योगायोग असेल, तिथे दिव्याचा उजेड कमी असेल.

तेवढ्यात त्यांनी काचेवर हात ठेवला. ती वळून आली आणि हातासमोरून गेली. "वळखलान मला," बाबा म्हणाले. कासव माणसाला ओळखतं की नाही ते मला ठाऊक नाही. पण बाबांचा चेहरा मी बघितला. निळ्या टीशर्टातली एक मुलगी येऊन म्हणाली, काचेला हात नका लावू प्लीज.

मग आम्ही व्यवस्थापकाकडे गेलो. तरुण माणूस, अतिशय सभ्य. त्याने खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं, बाबांना काका म्हणाला, मला मॅडम. इतकं गोड बोलणाऱ्या माणसाशी भांडताना आपणच गावंढळ दिसतो, आणि त्यांना ते पक्कं माहीत असतं. बाबांनी गोणपाट मांडीवर घेतलं होतं. ते म्हणाले, "तिला न्याया आलोय. आता बरी हाय ती."

"काका, तिला आता बाहेर सोडणं म्हणजे तिच्याच जिवाला धोका. तिला इथली सवय झालीय."

"सवय कुणी लावली?" मी विचारलं.

"मॅडम, उपचार अजून चालू आहेत."

"कसले उपचार? कोण करतं? डॉक्टर शेवटचे कधी आले होते?"

त्याने संगणकाच्या पडद्याकडे बघितलं, काहीतरी चाळलं आणि म्हणाला, रेकॉर्ड मुख्य ऑफिसला असतं. मग माझा तोल गेला. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. तुम्ही या माणसाला शब्द दिला होता म्हणाले, या माणसाचे दोन हंगाम तुम्ही खाल्लेत म्हणाले, पेपरात देईन म्हणाले, वरपर्यंत जाईन म्हणाले. तो शांतपणे ऐकत होता. मी दम खायला थांबले, तेव्हा त्याने कपाटातून एक फाइल काढली आणि त्यातला कागद माझ्यापुढे ठेवला.

"हे अक्षर आपलंच ना, मॅडम?"

माझंच होतं. नाव, गाव, डावं पुढचं वल्हं. खाली बाबांची जपून काढलेली सही. आणि सहीच्याही खाली, उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत तीन अक्षरं. कृ. मा. प. कृपया मागे पाहावे.

मी कागद उलटला. मागे अटी होत्या. सहावी अशी: उपचारानंतर प्राण्याबाबतचा सर्व निर्णय संस्थेचा राहील व त्यास माझी कायमस्वरूपी संमती आहे.

वर्षानुवर्षं मी पोरांना सांगत आलेय. पेपर हातात आला की आधी उलटा, मागे प्रश्न असतो, दर वर्षी कुणीतरी मागचा प्रश्न सोडतं आणि नापास होतं. लाल पेनने किती उत्तरपत्रिकांवर लिहिलं असेल, 'मागे पाहिले नाहीस?' आणि मी स्वतः स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून, कॅमेऱ्याकडे एक डोळा ठेवून, पुढची बाजू सुंदर अक्षरात भरून मोकळी झाले होते. ज्या दिवशी खरोखर कुणाचं काही अवलंबून होतं, नेमकी त्या दिवशी.

बाबांना अटी वाचून दाखवायची गरज पडली नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं होतं.

"तू वाचलावतास ना गो कागद?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा. जेवलीस ना, असं विचारावं तसा.

मी 'नाही' म्हणाले. ते उठले, गोणपाटाची नीट घडी घातली, व्यवस्थापकाला हात जोडले आणि बाहेर पडले. मला वाटलं, ते दाराकडे जातील. ते परत टाकीकडे गेले.

खेळाची वेळ झाली होती. पोरं जमली होती, मोबाईल वर झाले होते. बाबा त्या रंगवलेल्या पावलांवर उभे राहिले, कारण जागाच तेवढी मोकळी होती. त्यांनी टोपी नीट केली, पिशवीतून हळदकुंकवाची पुडी काढली आणि टाकीच्या काचेवर, ती नाक घासायची त्या धुरकट जागेवर, बोटाने कुंकू लावलं. मग हात जोडून, पुळणीवर घालतात त्याच आवाजात, त्यांनी सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! तुजी लेक हितं हाय. मी तिला आनून सोडीन म्हनालोवतो."

कुणी होकार भरला नाही. कोण भरणार? संगीत चालूच होतं. कुणीतरी हसलं. एका पोराच्या आईने पोराला जवळ ओढलं.

"सबूद माजा व्हता. कागदावर सही पन माजी हाय. चूक माजी हाय म्हाराजा, माज्या पोरीवर राग धरू नको."

आणि मी, जिच्यावर राग धरू नको म्हणून तो माणूस परक्या लोकांसमोर देवाला विनवत होता, ती मी पाच पावलांवर उभी होते आणि माझं तोंड उघडत नव्हतं. लाज वाटत होती. कुणाची? त्या मोबाईलवाल्यांची! माझ्या ओळखीचे पालक असतील की काय, या विचाराची! स्वतःचा इतका तिटकारा मला कधी आला नव्हता.

"व्हय म्हाराजा," मागून आवाज आला. फरशी पुसणारी बाई होती. पन्नाशीची, निळा एप्रन, हातात पोछा. तिने पोछा भिंतीला टेकवला होता आणि हात जोडले होते.

बाबांनी मागे वळून बघितलं नाही, पण त्यांचा आवाज मोठा झाला. "माजा काय व्हायाचा ता होऊ दे. पन हिचा पानी हिला दे रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी मीही म्हणाले. ओरडलेच.

रखवालदार आला, निळी मुलगी आली, काच पुसायला माणूस आला. आम्हाला कुणी हाकललं नाही, नुसतं हळूहळू दाराकडे चालवत नेलं. फरशी पुसणाऱ्या बाईला तो सभ्य व्यवस्थापक काहीतरी विचारत होता. तिच्यावर काय बेतलं ते मला माहीत नाही. दारावर रखवालदाराने न सांगता नारळ उचलून बाबांच्या हातात दिला आणि नजर दुसरीकडे वळवली.

ही मागच्या श्रावणातली गोष्ट. कासवीण अजून तिथेच आहे. मी अर्ज करते. ज्या ज्या कचेरीचा वन्यप्राण्यांशी, समुद्राशी, परवान्यांशी संबंध असू शकतो, तिथे तिथे केलेत. 'आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी पाठविण्यात आला आहे,' अशी उत्तरं येतात. कुठून पाठवला, कुठे पाठवला, याचा पत्ता नाही. मीही सोडणार नाही. माझ्या रागाला आता निदान काहीतरी काम मिळालंय.

प्रत्येक अर्ज पाठवण्याआधी मी तो रविवारी गावी नेते. बाबा किनाऱ्यावर झाप बाजूला सारून होडीच्या काठावर बसतात. नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, तो नारळ ठेवलेला आहे, न फोडलेला, शेंडी वाळलेली. मी त्यांच्यासमोर उभी राहून अर्ज वाचते. पहिल्या ओळीपासून 'आपली विश्वासू'पर्यंत. ते कान देऊन ऐकतात. कधी एखादा शब्द विचारतात. वाचून झालं की हात पुढे करून कागद मागतात आणि उलटून बघतात. मागची बाजू कोरी असते. तरीही दोन्ही हातांत धरून, उन्हाकडे करून, ते नीट बघतात.

मग कागद परत माझ्या हातात देतात आणि म्हणतात, "आता परत वाच."

मी परत वाचते.